सुट्या भागांचा संसार

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल कामशेत मागे टाकून मळवलीला थांबते, तेव्हा उतरणाऱ्या मंडळींचे सरळ दोन तट पडतात. एक तट कार्ल्याच्या एकवीरेच्या दर्शनाला निघतो. दुसरा भाज्याची लेणी, लोहगड, विसापूर अशी वाट धरतो. स्टेशनाच्या आसपास रेंगाळायला कोणी थांबत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र या लहानशा गावात जर्मनीहून आणलेली छपाईची यंत्रे धडधडत होती. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला शिळाप्रेस १८९९ मध्ये मळवलीला हलवण्यात आला. आपल्या आजीच्या देवघरात चौकटीत बसलेली कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती बहुधा याच छापखान्यातून निघून घरोघरी पोचलेली असे.

या छापखान्याचे काम घेऊन पोट भरणारा, पस्तिशी ओलांडलेला एक गृहस्थ तेव्हा लोणावळ्यात स्वतःचा छोटासा छापखाना चालवत होता. नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला आणि चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च सरकारी पुरस्कार १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जाऊ लागला. त्यांचे चरित्र आपण मुंबई आणि नाशिक या दोन गावांच्या संदर्भात वाचतो. मला ते वाचताना दरवेळी मळवली-लोणावळ्याचा हा पट्टा आठवतो. कारण फाळक्यांनी आयुष्यभर ज्या एका प्रश्नाशी झुंज घेतली, त्याची तालीम याच परिसरात झाली. प्रश्न साधा, घरगुती आहे. हवी असलेली वस्तू तयार विकत घ्यावी, की सुटे भाग आणून आपल्या हाताने जोडावी?

हा प्रश्न मला जवळचा वाटतो त्याला माझी नोकरी कारण आहे. बँकेतली माझी काही वर्षे मावळात गेली. कर्ज मागायला येणारा तरुण हमखास याच प्रश्नाशी अडलेला असे. पिठाची गिरणी असो, लेथ असो, रसवंतीचा चरक असो. तयार यंत्राचा आकडा त्याच्या छातीत धडकी भरवी. सुटे भाग गोळा करून गावातल्या फिटरच्या मदतीने जोडले, तर खर्च पुष्कळ कमी होई. पण बँकेला कोटेशन हवे, कंपनीचे हमीपत्र हवे. जोडलेल्या यंत्राला हमी कुणाची? त्या तरुणाची स्वतःची. आणि बँकेच्या फॉर्मात तिला रकाना नसतो.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला, शास्त्र्यांच्या घरात झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. ते मुंबईला विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि कुटुंब मुंबईला आले. पौरोहित्य किंवा अध्यापन असा सरळ मार्ग समोर असताना या मुलाचा ओढा चित्रकलेकडे. १८८५ साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला गेल्यावर कलाभवनात त्याने तैलचित्रे, जलरंग, शिल्पकाम, वास्तुरचना असे दिसेल ते शिकून घेतले. फोटोग्राफीचा नाद लागला. कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी मुलाची चुणूक ओळखली आणि तीनरंगी ठसे, फोटोलिथो यांचे शिक्षण घेण्यासाठी त्याला रतलामला धाडले.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे वाचताना आपल्यासारख्या पगारदार माणसाचा जीव घाबरा होतो. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. धंदा जमत होता, तोच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. पुन्हा बडोदे. तिथे फोटो काढला की आयुष्य कमी होते ही लोकांची समजूत आडवी आली. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून आडनावाची अक्षरे उलटी केली आणि प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोग लावले. १९०२ मध्ये दुसरे लग्न झाले. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर, सासरी सरस्वती. १९०३ मध्ये पुराणवस्तू संशोधन खात्यात छायाचित्रकार आणि नकाशे काढणारा म्हणून सरकारी नोकरी लागली, तेव्हा घरातल्यांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. तीन वर्षांत तीही नोकरी सोडली.

वरवर पाहता हे भटकणे आहे. तरी नीट पाहिले तर प्रत्येक उद्योगातून त्यांनी एक एक सुटा भाग उचललेला दिसतो. प्रकाश, रसायने, पडदा, वेशभूषा, नजरबंदी, ठसे. हे सारे कशासाठी गोळा होत आहे, हे त्यांना स्वतःलाही तेव्हा ठाऊक नव्हते.

नोकरी सोडल्यावर ते लोणावळ्याला आले आणि फाळके एन्ग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स सुरू केले. काळ स्वदेशीचा. १९०५ ची वंगभंगाची चळवळ देशभर पसरली होती. मावळातच तळेगावला १९०८ साली पैसा फंडाच्या पैशातून काचकारखाना उभा राहिला. प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करून काच इथेच करायची आणि ती करणारे हातही इथेच तयार करायचे, असा तो खटाटोप. त्याच काळात लोणावळ्याच्या डोंगरांत याच प्रश्नाचे दुसरे उत्तरही आकार घेत होते. टाटांनी तलाव बांधून खोपोलीच्या पायथ्याशी वीज काढण्याची योजना हाती घेतली. १९११ साली तिची कोनशिला बसली आणि १९१५ मध्ये मुंबईला वीज मिळू लागली. त्या कामाची अवजड यंत्रे परदेशातूनच आणावी लागली आणि ते बरोबरही होते. ज्याच्याजवळ मोठे भांडवल आहे आणि ज्याला लौकर वीज हवी आहे, त्याने पाणचक्की घरी घडवत बसू नये.

फाळक्यांजवळ भांडवल नव्हते. त्यांच्याजवळ हात होते. शिळाप्रेसचे काम मोठे चिकाटीचे. आपण देवाचे रंगीत चित्र एकसंध पाहतो. छापणाऱ्याला ते तसे दिसून चालत नाही. त्याला त्याचे तुकडे करावे लागतात. पिवळ्याचा दगड निराळा, तांबड्याचा निराळा, निळ्याचा निराळा. एकच कागद एका दगडावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रत्येक वेळी नेमक्या जागी बसावा लागतो. केसभर सरकला तर लक्ष्मीचे ओठ गालावर जातात. त्यात लोणावळ्याचा पाऊस. कागद दमट हवेत फुगतो, उन्हाने आकसतो. मग कालचा रंग आणि आजचा रंग एकमेकांवर बसत नाहीत. चित्र उलगडून त्याचे भाग करायचे आणि ते पुन्हा बिनचूक जोडायचे, हे शिक्षण फाळक्यांना या कामाने दिले. पुढे सिनेमात त्यांनी दुसरे काय केले?

काम वाढले तसा छापखाना दादरला गेला. पुरुषोत्तम मावजी हे भागीदार झाले आणि लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव मिळाले. रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. धंदा बरकतीला आला आणि भागीदारांत खटके उडू लागले. एक दिवस एक पैही न घेता ते बाहेर पडले. वय चाळीस. पदरी बायको-मुले.

एप्रिल १९११ मध्ये, ईस्टरच्या सुमारास, गिरगावातल्या एका तंबू-थिएटरात त्यांनी येशूच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र चालले होते आणि यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, हरिश्चंद्र हलू लागले. रविवर्म्यांच्या दगडांवर निश्चल बसलेले देव चालू लागतील, बोलल्यासारखे दिसतील, या कल्पनेने त्यांना झपाटले. मग वर्षभर दुसरे काही सुचले नाही. मिळतील ती पुस्तके, यादीपत्रके, जुन्या फिती गोळा केल्या. घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून फिती भिंतीवर पाडून पाहिल्या. झोप नाही, खाण्याकडे लक्ष नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की दृष्टी जवळजवळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली.

आता पैसा. त्यांच्या विम्याच्या पॉलिसी होत्या बारा हजारांच्या. त्या गहाण टाकून त्यांनी दहा हजारांचे कर्ज उभे केले. हा व्यवहार चरित्रांत एका ओळीत येतो आणि आपण तो धाडस म्हणून वाचून पुढे जातो. बँकवाल्याची नजर मात्र तिथे अडखळते. विमा घेतलेला असतो तो आपल्यामागे घराचे कसे होईल या काळजीने. तो गहाण टाकून माणूस समुद्रप्रवासाला निघाला. बोट बुडाली असती किंवा परक्या थंडीत न्युमोनियाने गाठले असते, तर सरस्वतीबाईंच्या हाती कर्ज वळते करून दोन हजारही पडले नसते. फाळक्यांनी स्वतःचे भांडवल पणाला लावले असे आपण म्हणतो. पणाला लागले होते ते सरस्वतीबाईंचे वैधव्य आणि मुलांचा घास. त्यांनी नवऱ्याला अडवले नाही, एवढेच नव्हे तर पुढे दागिनेही काढून दिले. या माउलीचा उल्लेख चरित्रकारांनी तोंडी लावण्यापुरता करू नये.

हे प्रकरण माझ्या टेबलावर आले असते, तर मी ते मंजूर केले नसते. अर्जदाराला या धंद्याचा अनुभव शून्य; देशात या धंद्याची परंपरा शून्य; तारण आधीच गहाण; आणि यापूर्वीच्या भागीदाऱ्या मोडलेल्या. नियमाने पाहिले तर नकार योग्यच ठरतो. मात्र हेही खरे की, ज्या धंद्याचा अनुभव देशात कुणालाच नाही, तो धंदा कुणी तरी बिनअनुभवी माणसानेच सुरू करायचा असतो.

१ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. तिथे बायोस्कोप या साप्ताहिकाची पाटी त्यांना दिसली. या साप्ताहिकाचे ते मुंबईतले वर्गणीदार. सरळ आत जाऊन संपादकांना, कॅबर्न यांना, भेटले. कॅबर्न यांनी त्यांना परावृत्त करून पाहिले. इंग्लंडातच सिनेमा काढणारे बुडत आहेत, हिंदुस्थानची हवा तर फिल्मला मुळीच मानवणार नाही, असे त्यांचे मत. पाहुणा ऐकत नाही हे पाहून त्यांनी त्याची वॉल्टन येथील स्टुडिओवाले सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी मन मोठे केले आणि एकूण एक विभाग पाहू दिला. दोन आठवडे फाळके चित्रण, धुलाई, छपाई डोळ्यांत साठवत राहिले. मग त्यांनी पन्नास पौंडांच्या घरात विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेतले, कोडॅककडे कोऱ्या फिल्मची मागणी नोंदवली आणि १ एप्रिलला ते मुंबईला परतले.

तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे यंत्रांची किंमत साडेसातशे रुपयांच्या आसपास. दहा हजारांच्या कर्जात हा आकडा किती लहान आहे! उरलेला पैसा प्रवास, कच्चा माल आणि संसार यांत गेला. यंत्र स्वस्तच होते. महाग होते ते शिकणे.

याच वेळी मुंबईत याच प्रश्नाचे दुसरे उत्तर पडद्यावर येऊ घातले होते. रामचंद्र गोपाळ तोरणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्री पुंडलिक या नाटकाचे चित्रण केले. कॅमेरा चालवला बोर्न अँड शेफर्ड कंपनीच्या एका इंग्रज कॅमेरामनने, आणि चित्रित फिल्म धुऊन आणण्यासाठी लंडनला पाठवली गेली. १८ मे १९१२ रोजी पुंडलिक गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. राजा हरिश्चंद्र यायला अजून वर्ष अवकाश होता. त्यामुळे पहिला मान कुणाचा, हा वाद आपल्याकडे अधूनमधून उकरला जातो, आणि तोरण्यांचे चाहते चिडतात ते काही अगदीच गैर नाही. तोरण्यांनी सोयीचा मार्ग घेतला आणि तो शहाणपणाचाही होता. ज्याला काम येते त्याच्याकडून ते करून घ्यावे, जिथे व्यवस्था आहे तिथे ते पाठवावे. फरक इतकाच की, फिल्मचा डबा घेऊन बोट लंडनला गेली आणि परत आली, तरी फिल्म कशी धुतात हे मुंबईत कुणालाच कळले नाही. दुसरा सिनेमा करायचा तर पुन्हा तोच इंग्रज आणि पुन्हा तीच बोट.

फाळक्यांची यंत्रे मे १९१२ मध्ये मुंबई बंदरावर उतरली. खोक्यांतून निघाले ते सुटे भाग आणि सोबत जोडणीचा एक आराखडा. शिकवायला कुणी नाही, विचारायला कुणी नाही. चार दिवसांत त्यांनी सगळी जुळणी पुरी केली.

चार दिवस हे ऐकायला विशेष वाटत नाही. मला त्याचे मोल कळते ते एका निराळ्या अनुभवामुळे. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये आमच्या हाती थ्री-नॉट-थ्री रायफल आली. आम्हाला वाटले, आता चांदमारी. उस्तादाने कित्येक दिवस गोळी दाखवलीसुद्धा नाही. धडा एकच, खोलना-जोडना. बोल्ट काढायचा, मॅगझिन काढायचे, पुसायचे, पुन्हा बसवायचे. पुन्हा काढायचे. कंटाळून आम्ही उस्तादाच्या नावाने बोटे मोडत असू. पण महिनाभरात एक गोष्ट घडली. रायफल अडली की आम्ही घाबरेनासे झालो. अडकले कुठे असेल हे आधी हाताला कळे, मग डोक्याला. फौजेत शिपायाला हे आधी शिकवतात याचे कारण उघड आहे. रणांगणात दुरुस्तीचे दुकान नसते.

दादरलाही ते नव्हते. कॅमेरा अडला तर दुरुस्त करणारा सात समुद्रांपलीकडे. म्हणून फाळक्यांनी यंत्र जोडून ते थांबले नाहीत; तोच धडा त्यांनी घरादाराला दिला. कोरी फिल्म येई ती बिनभोकांची. कडेला भोके पाडल्याशिवाय ती कॅमेऱ्याच्या दात्यांवर चढत नाही. हे काम अंधारात करायचे. उजेडाची तिरीप आली तर फिल्म फुकट. भोक वाकडे पडले तर पडद्यावर चित्र थरथरणार. सरस्वतीबाई हे काम शिकल्या. दिवसभराचे घरकाम उरकून रात्री त्या फिल्मला भोके पाडत, रसायने मिसळत, ती धुवायला मदत करीत. चित्रणाच्या वेळी उन्हाचा कवडसा पात्रांच्या तोंडावर पडावा म्हणून पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच.

जुन्या सवयीने मी एकदा हा हिशेब मांडला. राजा हरिश्चंद्र होता सुमारे ३,७०० फूट लांबीचा. एका फुटात सोळा चित्रे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना मिळून आठ भोके. म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. सगळ्या चित्रपटाची भोके झाली चार लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. ही एका प्रतीची. मूळ निगेटिव्हची निराळी, वाया गेलेल्या फिल्मची निराळी. देवाला लाखोली वाहणाऱ्या बायका आपण पाहिल्या आहेत. हीही लाखोलीच, फक्त अंधारात वाहिलेली.

घरातले सगळे तयार झाले तरी बाहेरचा पैसा यायला पुरावा हवा होता. फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यापुढे कॅमेरा रोखला आणि महिनाभर थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून वेल वर चढला. ते पाहून ओळखीच्या धनिकांनी पैसे दिले. कर्ज मागायला जाताना प्रकल्पाचा कागद नेण्याऐवजी उगवलेले रोप नेणारा दुसरा अर्जदार माझ्या माहितीत नाही.

मग माणसे जोडण्याचे काम आले, आणि ते यंत्रांहून अवघड ठरले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके. रोहिदास झाला घरचाच मुलगा भालचंद्र. तारामतीसाठी एकही बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारा अण्णा साळुंके नावाचा, नाजूक हातांचा तरुण फाळक्यांनी हेरला आणि त्याला लुगडे नेसवले. बाहेरच्या चित्रणासाठी मंडळी बोरघाटाच्या खालच्या अंगाला वांगणीस गेली. ढाल-तलवारी घेतलेली टोळी पाहून गावकऱ्यांना वाटले दरोडेखोर आले. पाटील आला, फौजदार आला, मंडळी अडकली. फाळक्यांनी कॅमेरा व सामान दाखवून समजूत घातली तेव्हा सुटका झाली. सहा महिने सत्तावीस दिवसांनी चित्रपट पुरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुर, सत्यवान सावित्री, लंकादहन. एकामागून एक चित्रपट निघाले. १९१४ मध्ये ते आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तिथल्या निर्मात्यांनी तिथेच राहून चित्रपट काढण्याचे आमंत्रण दिले. भरपूर पैसा, तयार स्टुडिओ, तयार तंत्रज्ञ. सगळे जोडलेलेच होते, फक्त यांनी बसायचे. त्यांनी नाही म्हटले आणि ते परतले. नाशिकला त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे वाट पाहत होती.

आता या चरित्राची दुसरी बाजू सांगायला हवी. ती न सांगता गोडवे गायले, तर ज्या तरुणाला आपण हे वाचायला देऊ त्याची फसवणूक होईल. यंत्रांचे भाग जोडणाऱ्या या माणसाला भागीदार जोडता आले नाहीत. १ जानेवारी १९१८ रोजी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे आणि इतरांचे भांडवल आले. श्रीकृष्णजन्म झाला, १९१९ मध्ये कालियामर्दन आला, त्यात लेक मंदाकिनी कृष्ण झाली. पैसा आला तसे हिशेब विचारणारे आले. हाताने एकेक खिळा बसवलेल्या माणसाला वेळापत्रक आणि खर्चाचा ताळेबंद जाचू लागला. पैसे घातलेल्यांना त्याचा हट्ट जाचू लागला. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर. फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीला गेले. तिथे नाटक लिहिले. १९२२ मध्ये परतले ते पूर्वीचे धनी म्हणून नव्हे.

आणि मग सिनेमा बोलू लागला. आवाजाचे तंत्र घरच्या अंधाऱ्या खोलीत आराखडा पाहून बसवण्याजोगे नव्हते. ते महागडे, बंदिस्त, तयारच घ्यावे लागणारे. सेतुबंधन हा मूकपट पुरा होतो न होतो तोच बोलपटांची लाट आली आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. काळाची गंमत पाहा. पुंडलिक करणाऱ्या तोरण्यांनी मधल्या काळात यंत्रसामग्री आयात करणारी कंपनी काढली होती, आणि पुण्यात सरस्वती सिनेटोन उभारून ते बोलपटांच्या युगात स्थिर झाले. तयार यंत्राचा मार्ग या फेरीत जिंकला. फाळक्यांनी १९३७ मध्ये कोल्हापूरला गंगावतरण हा एकच बोलपट केला आणि ते नाशिकला स्वस्थ बसले. महायुद्धाच्या काळात चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. त्यांनी थकल्या वयात तोही मागून पाहिला. नकाराचे पत्र आले आणि दोन दिवसांनी, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, त्यांची प्राणज्योत मालवली. शंभराच्या आसपास चित्रपट काढणाऱ्या माणसामागे संपत्ती म्हणावी असे काही उरले नव्हते.

तेव्हा घरच्या मुलाने उद्या विचारले, तयार घेऊ की जोडू, तर काय सांगावे? फाळक्यांच्या नावाने त्याला सगळेच स्वतः करण्याचा उपदेश करू नये. खुद्द फाळक्यांनीही तो पाळला नव्हता. भिंग त्यांनी घासले नाही, फिल्म घरी बनवली नाही. ज्यासाठी कारखाना लागतो ते विकत आणले. पण जे हाताने आणि डोक्याने होण्याजोगे होते, त्यातले काहीही दुसऱ्यावर सोपवून ते मोकळे झाले नाहीत. काय विकत घ्यावे आणि काय शिकून घ्यावे, ही रेघ त्यांनी अचूक ओढली. १९१२ साली ती त्यांना तारून गेली; १९३१ नंतर रेघच सरकली. रेघ दर पिढीला नव्याने ओढावी लागते.

मळवलीचा तो छापखाना पुढे जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्याकडे गेला, बरीच वर्षे चालला आणि १९७२ मध्ये आगीत भस्मसात झाला. राजा हरिश्चंद्रचीही सगळी रिळे उरली नाहीत. जी थोडी उरली ती पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली आहेत. वस्तू अशाच जातात. माणसाच्या हातात उतरलेले काम मात्र काही काळ टिकून पुढच्या हातात जाते. ग्रँट रोडच्या त्या उपाहारगृहातला स्वयंपाकी अण्णा साळुंके तारामती झाला. लंकादहनमध्ये तो राम झाला आणि सीताही झाला. आणि १९२२ पासून तो फाळक्यांच्या कंपनीत कॅमेऱ्यामागे उभा राहून हँडल फिरवू लागला.